बोलून टायपिंग : ‘पहाणी’ची ‘पाहणी’ होते, गुंठ्यांचा घोळ होतो. उपाय काय?

(फोरमवरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तिसरं रेल्वे गेट

काम असं आहे : कन्नड पहाणीचं (कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्याचं) मराठी भाषांतर, वाटणीपत्रांचे कच्चे मसुदे, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. दिवसाला पंधरा-वीस पानं. विंडोज ११ चा लॅपटॉप, क्रोम, गुगल डॉक्समधलं व्हॉईस टायपिंग, भाषा मराठी. हेडसेट दोन पिनांचा, जुना.

अडचणी जशा येतात तशा लिहितो :

‘पहाणी’ म्हटलं की ‘पाहणी’ उमटतं. दहापैकी दहा वेळा.
बेळगावजवळच्या गावांची नावं बिघडतात : ‘यळ्ळूर’चं ‘वेल्लूर’, ‘उचगाव’चं ‘उंच गाव’, ‘काकती’ची ‘काकडी’.
‘साडेसात गुंठे’ कधी अक्षरात, कधी आकड्यात, कधी चक्क घड्याळाची वेळ.
‘पूर्णविराम’ म्हटलं तर टिंब येत नाही, अख्खा शब्द उमटतो.
मध्येच ऐकणं बंद होतं आणि दोन ओळी हवेत जातात.

सावकाश, एकेक शब्द तोडून बोलून पाहिलं. उलट जास्त चुका. कुठून सुरुवात करायची?

कोर्टआवार टंकलेखन

माइकपासून सुरुवात करा, बाकी सगळं नंतर. दोन पिनांचा हेडसेट आणि लॅपटॉपला एकच भोक, हे जमतच नाही. गुलाबी पीन माइकची, हिरवी आवाजाची. लॅपटॉपच्या भोकाला चार पट्ट्यांची एकच पीन लागते. तुमची गुलाबी पीन त्यात घातली तरी लॅपटॉप मुकाट्याने स्वतःचा आतला माइक वापरतो आणि तुम्हाला वाटतं हेडसेट चालू आहे.

खात्री करायची पद्धत : सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, इनपुट उघडा. नखाने हेडसेटच्या माइकच्या जाळीवर टकटक करा आणि आवाजाची पट्टी बघा. मग कॅमेऱ्याच्या शेजारी तशीच टकटक करा. जिथे पट्टी उडी मारते तो माइक चालू. कॅमेऱ्याशी उडाली तर आजवर तुम्ही पंखा, खुर्ची आणि रस्त्यावरच्या गाड्यांनाच डिक्टेशन देत होता.

उपाय दोन. दोन पिना एकत्र करणारी वाय आकाराची वायर घ्या, नाहीतर सरळ यूएसबी हेडसेट. यूएसबी बरा, कारण त्याचं साउंडकार्ड त्याच्याच पोटात असतं आणि लॅपटॉपची खरखर येत नाही.

माइक ओठांसमोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी दोन बोटं लांब ठेवा. समोर ठेवला की फ, भ, ख म्हणताना श्वासाचा फटका जाळीवर बसतो आणि ‘भाग’चा ‘बाग’ होतो. इनपुटची पातळी १०० करू नका. ७० ते ८० च्या दरम्यान ठेवा. मोठ्याने बोलल्यावर पट्टी टोकाला टेकत असेल तर आवाजाचे शेंडे कापले जातात, आणि कापलेला आवाज कुठलंच सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही.

मलप्रभाकाठ

ब्लूटूथ हेडसेट मात्र घेऊ नका अण्णा, कितीही महाग असला तरी. गाणी ऐकताना तो चांगला वाजतो, पण माइक चालू झाला की तो फोनवर बोलण्याच्या पद्धतीत शिरतो. जुना असेल तर ८ किलोहर्ट्झ, जरा नवा असेल तर १६. ८ वर स, श, ष यांतला फरक जवळजवळ पुसला जातो. ‘शेत’ आणि ‘सेट’ यांत मग यंत्राने काय निवडायचं?

जांबोटीचा पाऊस

पत्र्याच्या छपराखाली जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे काम दुपारी होत नाही. माइकवरची स्पंजची टोपी वाऱ्याला उपयोगी, पत्र्यावरच्या पावसाला नाही. पंखा डोक्यावर नको, बाजूला हवा. एवढंच.

छपाईघर

मध्येच बंद होतं त्याची कारणं ठरलेली आहेत.

डॉक्सचं व्हॉईस टायपिंग त्या टॅबला बांधलेलं असतं. पहाणीची पीडीएफ बघायला दुसऱ्या टॅबवर गेलात की ऐकणं थांबतं. म्हणून पीडीएफ दुसऱ्या टॅबमध्ये उघडू नका. मोबाइलवर, कागदावर किंवा शेजारच्या पडद्यावर ठेवा, आणि माऊस डॉक्सच्या बाहेर क्लिक करू नका.

दुसरं, जास्त वेळ गप्प राहिलात तरी ते थांबतं. वाक्य मनात जुळवून मगच माइकवर टिचकी मारा किंवा कंट्रोल-शिफ्ट-एस दाबा.

तिसरं, आवाज ऐकून अक्षरं करण्याचं काम तुमच्या लॅपटॉपवर होत नाही, तो इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातो. इथे डाउनलोडचा वेग कामाचा नाही, अपलोडचा कामाचा. घरातलं कोणी व्हिडिओ पाठवत असेल तर शब्द अडकतात, मग एकदम ढिगाने येतात आणि त्यात मधला एखादा तुकडा गळतो. म्हणून बोलताना नजर कागदावर न ठेवता पडद्यावर ठेवा. हलणारी अक्षरं स्थिर झाली की पुढचं वाक्य.

मराठी तिथे आहे, कन्नडही आहे. पण ‘ही ओळ ठळक कर’, ‘मागचं खोड’ असे तोंडी हुकूम इंग्रजीतच चालतात. मराठीत हुकूम दिला की तो हुकूमच कागदावर उमटतो.

घटप्रभा

डॉक्सला पर्याय हवा असेल तर विंडोज ११ मध्येच आहे. आधी सेटिंग्जमध्ये भाषा विभागात मराठी जोडा. मग विंडोज आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड मराठीवर आणा, आणि विंडोज व एच दाबा. छोटी पट्टी येते. लोक इथेच फसतात : पट्टी कोणत्या भाषेत ऐकते ते त्या वेळी कीबोर्ड कुठल्या भाषेवर आहे यावर ठरतं. इंग्रजी कीबोर्डवर असताना मराठी बोललात तर रोमन लिपीत काहीतरी अगम्य येतं आणि दोष मराठीवर जातो.

फायदा हा की कर्सर जिथे असेल तिथे लिहितं. वर्ड, एक्सेल, ईमेल, कुठेही. इंटरनेट यालाही लागतं. कन्नड मजकुरासाठी आम्ही डॉक्सच वापरतो.

तिसरं रेल्वे गेट

टकटक केली. कॅमेऱ्याशीच उडी मारली पट्टीने! यूएसबी हेडसेट लावला, चुका निम्म्याहून कमी झाल्या. पण ‘पहाणी’ची ‘पाहणी’ तशीच आहे.

मलप्रभाकाठ

ती माइकने जाणार नाही. कारण वेगळं आहे.

यंत्र एकेक अक्षर ऐकून लिहीत नाही. ऐकलेल्या आवाजाला जुळणाऱ्या अनेक शब्दरांगा ते धरतं आणि शिकवलेल्या मजकुरात जी रांग जास्त वेळा आली असेल ती निवडतं. तो मजकूर मुख्यतः बातम्या आणि वेबसाइटींचा. तिथे मंत्री ‘पाहणी’ करतात, पथक ‘पाहणी’ करतं. जमिनीच्या उताऱ्याला पहाणी म्हणणं हे कर्नाटकच्या महसूल खात्याचं. महाराष्ट्रातल्या मराठीत तिथे सातबारा असतो. म्हणजे तुमचा उच्चार कितीही शुद्ध असला तरी ते तुमच्याशी नाही, पुण्या-मुंबईच्या छापील मराठीशी इमान राखतं. ‘ग्रामलेक्काधिकारी’ (म्हणजे कर्नाटकातला तलाठी) म्हणून बघा, चार शब्दांचे तुकडे हातात येतील. ‘तलाठी’ म्हणा, पहिल्या फटक्यात बरोबर.

म्हणूनच शब्द तोडून बोलल्यावर चुका वाढतात. एकटा शब्द दिला की आजूबाजूचा आधार जातो. आठ-दहा शब्दांचा तुकडा नेहमीच्या वेगाने, एका दमात बोला आणि तुकड्याच्या शेवटी थांबा.

नाथ पै चौक

मग ‘सातबारा’ म्हणायचं आणि शेवटी फाइंड-रिप्लेसने ‘पहाणी’ करायची. मी तेच करतो.

कोर्टआवार टंकलेखन

आपल्या भागात ते घातक आहे हो. कितीतरी घरांची निम्मी जमीन महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात आणि निम्मी इकडे कर्नाटकात. एकाच वाटणीपत्रात सातबारा पण असतो आणि पहाणी पण. सरसकट बदल केलात तर महाराष्ट्रातल्या गटाला पहाणी लागेल आणि मसुदा परत येईल.

सांकेतिक शब्द घ्यायचाच तर ज्याचा दस्तऐवजाशी काडीचा संबंध नाही असा घ्या. आंबा, काजू, नारळ चालणार नाहीत. वाटणीपत्रात झाडं मोजलेली असतात.

मलप्रभाकाठ

बरोबर. आणि शब्द निवडताना विभक्तीचा विचार आधी करा. इथेच जास्त लोक अडकतात.

समजा ‘पहाणी’साठी ‘अननस’ ठरवलं. तुम्ही ‘अननसच्या उताऱ्यावर’ बोलाल, यंत्र शहाणपणा करून ‘अननसाच्या’ लिहील. बदलल्यावर उरेल ‘पहाणीाच्या’. एक फालतू काना लटकलेला. शिवाय ‘ती पहाणी’च्या जागी ‘तो अननस’ बोलायचं की ‘ती अननस’, यात जीभ अडखळते आणि क्रियापदाचं लिंग बिघडतं ते वेगळंच.

म्हणून सांकेतिक शब्द मूळ शब्दाच्याच लिंगाचा आणि त्याच शेवटाचा हवा. ‘पहाणी’साठी मी ‘बाहुली’ वापरतो. स्त्रीलिंगी, ईकारान्त, अनेकवचन ‘बाहुल्या’. मग बदलाच्या जोड्या दोनच लागतात :

बाहुल्या → पहाण्या
बाहुली → पहाणी

‘बाहुलीच्या’, ‘बाहुलीत’, ‘बाहुल्यांवर’ सगळं आपोआप सुटतं. आणि ‘स्थळ पाहणी’मधली खरी ‘पाहणी’ शाबूत राहते.

(‘बासरी’ घेऊ नका. अनेकवचन ‘बासऱ्या’ होतं आणि त्या ऱ्य चं वेगळंच रामायण आहे. छपाईघर सांगतील.)

गावांसाठी यंत्राला पाठ असलेली मोठी गावं घ्या, त्याच शेवटाची. यळ्ळूरसाठी ‘नागपूर’, उचगावसाठी ‘जळगाव’, काकतीसाठी ‘अमरावती’. पण ‘नागपूर’ला दोन जोड्या लागतील, कारण ‘नागपूरच्या’ दीर्घ आणि ‘नागपुरात’ ऱ्हस्व :

नागपूर → यळ्ळूर
नागपुर → यळ्ळुर

आणि यळ्ळूर की येळ्ळूर, हे फाइल सुरू करण्याआधी एकदाच ठरवा.

तिसरं रेल्वे गेट

हे भारी आहे. म्हणजे ‘नागपुरातील बाहुलीप्रमाणे क्षेत्र’ असं बोलत बसायचं!

नाथ पै चौक

बाजूला पक्षकार बसला असेल तर आधी सांगा त्याला. :)

कोर्टआवार टंकलेखन

आकड्यांबद्दल मात्र एकच सल्ला : बोलूच नका.

पहाणीत क्षेत्र एकर-गुंठे-आणे असं असतं. २-२० म्हणजे २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर, कारण ४० गुंठ्यांचा एकर. यंत्र त्याचं ‘२.२०’ करून मोकळं होतं. वाचणाऱ्याने ते दशांश धरलं तर २ एकर ८ गुंठे झाले. १२ गुंठे गेले, आणि नजरेला चूक दिसतसुद्धा नाही कारण आकडे तेच आहेत. सव्वा, दीड, पावणेदोन, साडेतीन यांचंही तेच, कधी शब्द, कधी ३.५, कधी ३:३०. आणे आले की विषयच संपला. रि.स.नं. (जमिनीचा सर्व्हे क्रमांक) मधली तिरकी रेघ आणि पोटहिस्सा पण असाच. ‘चौऱ्याहत्तर छेद दोन ब’ याचं काय होईल ते सांगता येत नाही.

पद्धत : आकड्याच्या जागी ‘चौकोन’ म्हणा आणि पुढे चला. ‘रि.स.नं. चौकोन, क्षेत्र चौकोन, आकार चौकोन’. मजकूर झाला की कंट्रोल-एफने ‘चौकोन’ शोधा आणि एकेका जागी मूळ पहाणीवर बोट ठेवून हाताने आकडा टाका. पन्नास चौकोन म्हणजे पाच-सात मिनिटं. चुकीचा आकडा शोधण्यापेक्षा रिकामी जागा भरणं केव्हाही सोपं. पक्षकारांची नावं, वडिलांची नावं यांनाही मी हेच करतो. होसमनी, हिरेमठ बऱ्याचदा बरोबर येतात, पण ‘बऱ्याचदा’वर सही कोण करणार?

छपाईघर

विरामचिन्हं. डॉक्समध्ये मराठीत बोलून ती येत नाहीत, शब्दच येतो. तेव्हा शब्द येऊ द्या आणि नंतर वर्डमध्ये कंट्रोल-एच.

क्रम महत्त्वाचा. ‘विराम’ हा तुकडा पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम तिन्हींत आहे. कोणी आळसाने नुसतं ‘विराम’ म्हणून टिंब काढत असेल तर तो बदल सगळ्यांत शेवटी करा, नाहीतर ‘स्वल्प.’ आणि ‘अर्ध.’ असे अवशेष राहतात. लांब शब्द आधी, आखूड नंतर. यंत्र ‘पूर्ण विराम’ असं तोडूनही लिहितं, म्हणून दोन्ही रूपं शोधा. शोधायच्या खान्यात शब्दाआधी एक जागा सोडा, नाहीतर टिंब शब्दापासून सुटून उभं राहतं. ‘नवा परिच्छेद’साठी बदलायच्या खान्यात कॅरेट आणि पी.

विंडोजच्या पट्टीत आपोआप विरामचिन्हांचा पर्याय आहे. अहवालाला ठीक. दस्तऐवजाला बंद ठेवा. वाटणीपत्रातलं एक वाक्य पाऊण पान चालतं आणि आपण श्वास घेतला की ते मध्येच टिंब देतं. चतुःसीमेचं वर्णन तुटलं की पूर्वेची हद्द पश्चिमेला चिकटते.

आता ऱ्य. ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांनी’, ‘पायऱ्या’ यांत दोन चुका होतात. एक दिसणारी : ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’, ‘पायर्‍या’ऐवजी ‘पायर्या’. दुसरी न दिसणारी : तेच अक्षर दोन प्रकारे साठवता येतं, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि दुसरं साध्या र ला हलन्त व अदृश्य जोडणारं चिन्ह लावून. पडद्यावर सारखंच दिसतं, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा सुटतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करून युनिकोड २००डी शोधलं की लपलेले सगळे बाहेर येतात. ‘ॲ’चंही तसंच, एक सलग अक्षर आणि एक अ वर चंद्र ठेवून केलेलं. ‘ॲडव्होकेट’ दोन्ही प्रकारे शोधा.

आमच्याकडे पत्रिका, अहवाल अजून श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टांत) लागतात कारण पेजमेकर युनिकोड घेत नाही. बोलून आलेला मजकूर युनिकोड असतो. कन्व्हर्टरमधून काढल्यावर चार ठिकाणं डोळ्यांत तेल घालून बघा : ऱ्य, ॲ, रू/रु आणि अवतरणचिन्हं. आणि सांकेतिक शब्दांचे बदल कन्व्हर्ट करण्याआधी करा. नंतर ‘बाहुली’ शोधायला गेलात तर तिथे रोमन अक्षरांची खिचडी असते.

जांबोटीचा पाऊस

आपली बोली? ‘पाऊस येऊलालाय’ म्हटलं तर ‘पाऊस येऊ लाल आहे’ येतं.

नाथ पै चौक

बोलीला काही इलाज नाही. ‘येतोय’ म्हणा आणि हाताने ‘येऊलालाय’ करा. एक मात्र लक्षात ठेवा, ‘केलं’ बोललं तरी कधी ‘केलं’ येतं, कधी ‘केले’. अहवालात दोन्हींची भेळ होते. लिहायचं ‘केले’ असेल तर बोलतानाही ‘केले’च म्हणा, पुस्तक वाचल्यासारखं. नंतर बदलायला जाऊ नका. ‘त्यांनी अर्ज केले’ आणि ‘त्यांनी काम केले’ यांतला फरक फाइंड-रिप्लेसला कळत नाही.

घटप्रभा

सोसायटीच्या सभेचं रेकॉर्डिंग असेल, किंवा पक्षकाराचा मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायचा नसेल, तर व्हिस्पर हे आवाजाचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने खुलं केलेलं, लॅपटॉपवरच चालतं, इंटरनेट नको. पण अपेक्षा बेताच्या ठेवा.

भाषा आपोआप ओळखू देऊ नका. पहिल्या ३० सेकंदांवरून ते ठरवतं आणि मराठीला हिंदी समजून बसतं. आज्ञेत मराठी सांगाच. ते ३०-३० सेकंदांचे तुकडे घेतं. तुकडाभर शांतता असेल तर रिकामं सोडत नाही, मनाने वाक्य रचतं किंवा मागचंच पुन्हा पुन्हा लिहितं. म्हणून आधी शांततेचे भाग कापा आणि ‘मागच्या मजकुराचा आधार घे’ हा पर्याय बंद करा. लहान मॉडेल मराठीला निरुपयोगी. मीडियम साधारण दीड जीबी, लार्ज तीन जीबीच्या आसपास. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर तासाभराच्या सभेला तासापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, रात्री लावून झोपा.

गावांची नावं आधी कळवायला ‘इनिशियल प्रॉम्प्ट’ आहे, पण त्याची मर्यादा २२४ टोकनची (टोकन म्हणजे यंत्र मजकुराचे करतं ते छोटे तुकडे), आणि देवनागरीचं एक अक्षर अनेक टोकन खातं. दहा-बारा नावं नीट निवडा, तालुक्याची यादी कोंबू नका.

आयआयटी मद्रासच्या एआय४भारतने भारतीय भाषांवर शिकवलेली मॉडेल्स खुली ठेवली आहेत. मराठीला ती मूळ व्हिस्परपेक्षा बरी. सभेत कोणी मध्येच कन्नडमध्ये बोलला तर मात्र तो तुकडा वेगळा कापून कन्नड लावून चालवा. एका तुकड्याला एकच भाषा.

तिसरं रेल्वे गेट

बदलांच्या जोड्या आता तीसच्या वर गेल्या. प्रत्येक फाइलला हाताने करणं जड जातं. मॅक्रो (वर्डकडून आपोआप काम करून घेणारा छोटा प्रोग्राम) लिहिला तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं आली.

छपाईघर

वर्डची मॅक्रोची खिडकी युनिकोड जाणत नाही. तिथे देवनागरी चिकटवली की प्रश्नचिन्हंच होतात. प्रत्येक अक्षराचा क्रमांक लिहिता येतो, जसं प म्हणजे २३४६, पण तीस जोड्यांना कोण करत बसणार. त्यापेक्षा जोड्या वर्डच्याच वेगळ्या फाइलमध्ये दोन रकान्यांच्या तक्त्यात ठेवा, डावीकडे शोधायचं, उजवीकडे बदलायचं. मॅक्रोने तो तक्ता वरून खाली वाचत एकेक बदल करायचा. मॅक्रोत मग एकही मराठी अक्षर लागत नाही, आणि लांब शब्द वर, आखूड खाली हा क्रम तक्त्यातच राहतो. नवी जोडी लागली की ओळ वाढवायची, मॅक्रोला हात नाही.

बदल करण्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवा. आणि तक्ता फक्त दस्तऐवजांना लावा. बालवाडीच्या कार्यक्रमाच्या अहवालात ‘मुलींनी पहाण्या बनवल्या’ असं छापून गेलं तर हसं होईल.

तिसरं रेल्वे गेट

खानापूर बाजूची गावं कोणी बसवलीत का? नंदगड, कणकुंबी, लोंढा, बैलूर.

मलप्रभाकाठ

नंदगडला ‘रायगड’, बैलूरला ‘लातूर’. ‘नागपूर’सारखंच, ‘लातुर’ची ऱ्हस्व जोडी विसरू नका. कणकुंबीला शेवट जुळणारं मोठं गाव मिळालं नाही, तिथे चौकोन. लोंढ्याला काही करायला नको. पुराच्या बातम्यांत पाण्याचा लोंढा इतक्यांदा आलाय की ते स्टेशन पहिल्या फटक्यात बरोबर उमटतं.